घोरपड फक्त मी पाहिली होती

मी कोहिनूरच्या खुराड्यातली लाल कोंबडी. माझ्या डाव्या पायाला दोन बोटं कमी आहेत. चालताना मी एका बाजूला झुकते, आणि अंगणात नवं कुणी आलं की ते आधी हसतं, मग विचारतं, "हिला काय झालं?" कोहिनूर प्रत्येकाला खरं उत्तर देत नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म मात्र कोहिनूरच्या घरचा नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावर मोमेनाचं घर आहे, तिथल्या एका खुडूक कोंबडीखाली मी अंड्यातून बाहेर आले. त्या वर्षी कोहिनूरचा नवरा ओमानला कामाला गेला. घरात ती एकटीच उरली. मोमेना तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, शिवाय विधवा. ती एका संध्याकाळी टोपलीत मला आणि माझ्या दोन बहिणींना घेऊन आली आणि म्हणाली, "घे. सकाळी दार उघडायला कुणीतरी ओरडून उठवणारं हवं."

"बुबू, या कोंबड्या आहेत. ओरडतो तो कोंबडा," कोहिनूर म्हणाली.

"मग तू ओरड, त्या उठतील."

दोघी खूप हसल्या. आमच्या बोरीशालकडे, बांगलादेशात, थोरल्या बहिणीला बुबू म्हणतात. मोमेना कोहिनूरची सख्खी कुणी नव्हती, पण तळ्यावर भांडी घासताना दोघी अशा बसायच्या की मधे तिसरीला जागा नसे.

दोन वर्षांत कोहिनूरच्या अंगणात चौदा कोंबड्या, सहा बदकं आणि एक काळी शेळी झाली. कोहिनूर कष्टाळू होती. पहाटे कणी आणि कोंडा कालवून आमच्यापुढं ठेवायची, खुराड्यात राख पसरायची, आजारी पिल्लाला पदरात घेऊन बसायची. पण तिची जीभ तिखट होती. शेळीनं भोपळ्याचा वेल खाल्ला तर शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. शेळीला त्याचं काही वाटत नसे. माणसांना वाटतं.

त्या वर्षी आश्विनात मी नऊ पिल्लं काढली. पंधरवड्यात त्यांची सहा झाली, मग पाच. मला माहीत होतं ती कुठं जातात. तळ्याच्या पलीकडे, मोमेनाच्या स्वयंपाकघरामागं हिजलचं जुनं झाड आहे. त्याच्या मुळांखाली बीळ होतं आणि बिळात घोरपड. माझ्या तिप्पट लांबीची, चिखलाच्या रंगाची. दुपारी माणसं जेवून आडवी झाली की ती पाण्यातून यायची. फक्त डोकं वर दिसायचं. काठाला लागली की अशी धावायची की मी पंख पसरेपर्यंत एक पिल्लू तिच्या जबड्यात गेलेलं असे.

मी ओरडायचे. गळा फाटेपर्यंत ओरडायचे. आतून कोहिनूरचा झोपाळू आवाज यायचा, "कळलं ग बाई, अंडं घातलंस! सगळ्या गावाला सांगू नकोस."

मग एका सोमवारी तिची लाडकी तलंग गेली. पांढऱ्या ठिपक्यांची, अजून पहिलं अंडंही न घातलेली. कोहिनूरनं तिला तळ्याच्या चारी बाजूंना शोधलं. मंगळवारी सकाळी तिला पिसं सापडली. पांढऱ्या ठिपक्यांची मूठभर पिसं मोमेनाच्या स्वयंपाकघरामागं ओल्या मातीत पडली होती.

ती तिथं किती वेळ उभी राहिली! मला वाटलं, आता ती चार पावलं पुढं जाईल आणि हिजलच्या मुळाशी वाकून बघेल. पण ती वळली ती थेट घाटावर आली. घाटावर सात-आठ बायका होत्या. मोमेना पाण्यात उभी राहून तांदूळ धूत होती.

"शुक्रवारी लाइजूला बघायला पाहुणे येणार ना, बुबू?" कोहिनूरनं विचारलं.

"हो. का ग?"

"रंगीत तालीम झाली वाटतं. कशी झाली होती माझी कोंबडी? मीठ-मसाला बरोबर होता ना?"

मोमेनाला कळलंच नाही. ती हसली. ते हसणं बघून कोहिनूरचा तोल गेला. मुठीतली पिसं तिनं पाण्यात फेकली.

"हसतेस काय? माझ्या दारची चोरून खाल्लीस ती खाल्लीस! मागायचीस, मी दोन दिल्या असत्या. चोराच्या घरची पोरगी कोण नेणार आहे, बघतेच मी!"

घाटावर कुणाचा हात हलेना. पिसं मोमेनाच्या तांदळाच्या टोपलीभोवती तरंगत होती. एक बाई म्हणाली, "मोमेना, घेतली नसशील तर कुराणावर हात ठेवून सांग. विषय संपला."

मोमेना म्हणाली, "कोंबडीसाठी मी कुराणाला हात लावणार नाही." आणि अर्धवट धुतलेले तांदूळ घेऊन ती वर चढली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बघा, शपथ घेत नाही." मी काठावर ओरडत होते. कोहिनूरनं मला चप्पल फेकून मारली.

लाइजू म्हणजे मोमेनाची एकुलती एक मुलगी. तिला बघायला येणाऱ्या मुलाची आत्या आमच्याच वस्तीत राहायची. बुधवारी दुपारच्या आत निरोप आला, शुक्रवारी यायला जमणार नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. लाइजू त्या दिवशी पाणी भरायला आमच्या घाटावर आली नाही. बांबूच्या साकवावरून पार पलीकडच्या तळ्यावर गेली.

गुरुवारी दुपारी मोमेना आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. दोन दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

"तुझी ही लाल कोंबडी आणि पिल्लं माझ्या स्वयंपाकघरामागं आण," ती म्हणाली. "हिचा पाय हिजलला बांध, त्याच्या मुळाशी बीळ आहे. आई बांधलेली असली की पिल्लं लांब जात नाहीत. आपण दोघी ओट्यावर बसू. माझे हात तुला दिसतील असे मांडीवर ठेवते. काय येतं ते बघ."

"आणि काही आलं नाही तर?"

"तर मी चोर. आज मी बसेन, उद्या बसेन. तू बसू शकतेस का ते सांग."

कोहिनूरनं मला उचललं. ज्या झाडाकडे मी महिनाभर पिल्लांना फिरकू दिलं नव्हतं, त्याच झाडाला तागाच्या सुतळीनं मला बांधलं. मी हिसके दिले, चोचीनं गाठ ओढली. गाठ अजून आवळली. पिल्लांना काय कळतंय? ती मुंग्या टिपत बिळाच्या तोंडापर्यंत जायची. मी हाक मारली की परत यायची, पुन्हा जायची.

दोघी ओट्यावर बसल्या. दोघींच्या मधे हातभर अंतर होतं. एकमेकींकडे बघत नव्हत्या. दुपारची नमाज होऊन गेली. ऊन सुपारीच्या झाडांवरून सरकून पाण्यावर आलं. मोमेनाच्या चेहऱ्यावर माशी बसली तरी तिनं मांडीवरचा हात उचलला नाही. आत लाइजूच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

बराच वेळ गेल्यावर कोहिनूर म्हणाली, "झालं का तुझं नाटक?"

मोमेनाची नजर बिळावरच होती.

तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी माती हलली. आधी जीभ दिसली, लांब, दुभंगलेली. मग डोकं. ती आणि मी, मधे चार हात जमीन आणि तीन पिल्लं. मी किंचाळले.

"गप ग," कोहिनूर सवयीनं म्हणाली.

"हे अंड्याचं ओरडणं नाही," मोमेना म्हणाली आणि ताठ झाली.

पिल्लं माझ्याकडे धावली. मी पंख पसरले, ती आत शिरली. मला पळता येत होतं ते सुतळीभर. मी पंख झोडले, उडाले, सुतळीनं मला तोंडावर आपटलं. घोरपड सरळ माझ्या पायावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुखलं ते नंतर. त्या क्षणी मला एवढंच समजत होतं की पोटाखाली पाच पिल्लं आहेत आणि मला हलता येत नाही.

कोहिनूर जागच्या जागी उभी राहून नुसतीच ओरडत होती. मोमेना ओट्यावरून उडी मारून खाली आली. नावेचं वल्हं भिंतीला टेकलेलं होतं, ते तिनं उचललं आणि घोरपडीच्या पाठीवर हाणलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी जबडा सुटला. घोरपड शेपटी आपटत बिळात शिरली, पण जाताना तिच्या तोंडात माझी दोन बोटं होती.

कोहिनूर गुडघ्यावर बसून बिळात बघू लागली. तिनं हात घातला नाही, पण तोंडाशीच पडलेली पिसं तिला दिसली. पांढऱ्या ठिपक्यांची.

"बुबू..." ती म्हणाली.

मोमेनानं हळद आणि चुना आणून माझ्या पायावर दाबला, चिंधी बांधली. मग माझी सुतळी कापली. "हिचं रक्त हळदीनं थांबेल," ती म्हणाली. "लाइजूला तू जे लावलंस, ते मी कशानं थांबवू?"

कोहिनूरनं मला उचललं आणि पिल्लं पदरात गोळा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मला काखेत घेऊन नावेत बसली. मुलाचं घर खाडीतून दोन तासांवर. मुलाची आई अंबिया बेगम दारात राख लावून मासे साफ करत होती. कोहिनूरनं सलाम केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग माझा पाय पुढं केला. "ही बघा. हिचीच बोटं गेली. मोमेना बुबूनं आयुष्यात कुणाची काडी उचललेली नाही. मीच आंधळी झाले होते."

अंबियानं माझा पाय नीट बघितला. राखेचे हात धुतले.

"तू घाटावर काय बोललीस, किती जणींसमोर?"

"सात-आठ जणी होत्या."

"आणि मागे घ्यायला इथं आलीस. एकटीसमोर. एका कोंबडीला घेऊन." तिचा आवाज चढला नव्हता. "पोरी, मला पटवून काय होणार? उद्या माझ्या घरी लाइजू आली आणि कुणी मागून बोललं, तर मी नावेत बसून प्रत्येकीच्या दारात जाऊ? जिथं सांडलंस तिथं पूस."

परतीच्या वाटेवर मी कोहिनूरच्या काखेतच होते. तिची छाती माझ्या अंगाला लागत होती, आणि मला तिचं काळीज माझ्यासारखंच धडधडताना जाणवत होतं. नाव लागली तेव्हा दुपार कलली होती. घाट बायकांनी भरला होता. मुलाची आत्याही होती. कोहिनूर घरी गेली नाही. मला काखेत धरूनच ती पायऱ्या उतरली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

"ऐका सगळ्याजणी," ती म्हणाली. "मंगळवारी मी इथं मोमेना बुबूला चोर म्हटलं. माझी कोंबडी घोरपडीनं नेली होती. खोटी मी आहे. मी एकटी असताना हिनं मला कोंबड्या दिल्या, जगायला शिकवलं, आणि मी हिच्या पोरीचं नाव पाण्यात फेकलं. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं आणि पुढं सांगितलं, त्यांनी हेही पुढं सांगा."

एक म्हातारी म्हणाली, "जीभ आवर म्हणून तुला मी दहादा सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस, चाची. हो."

वरच्या पायरीवर मोमेना होती. तिनं सगळं ऐकलं, खाली उतरून घागर भरली आणि निघून गेली.

पुढल्या शुक्रवारी पाहुणे आले. अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, लाइजूचा निकाह झाला. आमच्या खुराड्यातले दोन कोंबडे तेव्हा पुलावात गेले. कोहिनूर तीन दिवस पलीकडच्या घरी राबली, लाकडं फोडली, भांडी घासली. लाइजू नावेत बसताना कोहिनूरच्या गळ्यात पडून रडली. मोमेना कोहिनूरशी नीट बोलायची. "मीठ आण", "पाणी उतरव", "बस जेवायला". पण घाटावर ती आता दुसऱ्या टोकाला बसायची.

आणि एक गोष्ट झाली. कोहिनूरचं एखादं पिल्लू किंवा बदक तिच्या अंगणात गेलं, तर मोमेना त्याला शिवत नसे. दोन्ही हात पाठीमागं घेऊन ती हाक मारायची, "कोहिनूर, तुझं जनावर इकडे आलंय. येऊन घेऊन जा." कोहिनूर मान खाली घालून जायची, उचलायची, यायची. चार वर्षं असं चाललं. ती हाक ऐकली की मला माझा पाय दुखल्यासारखं वाटायचं.

गेल्या वैशाखात एका दुपारी मी किडे शोधत तळ्याला वळसा घालून पलीकडे गेले. जाताना जमलं. परत येताना वाटेतला चर ओलांडायला पाय उचलेना. तेवढ्यात आभाळ काळं झालं, वारा सुटला, सुपारीची झाडं जमिनीपर्यंत वाकायला लागली.

"कोहिनूर! तुझी लंगडी इकडे आहे! येऊन घेऊन जा!"

"बुबू, माझं भात भिजतंय!" कोहिनूर अंगणातून ओरडली. कांडण्यासाठी उकडलेलं साळीचं भात चटईभर वाळत पसरलेलं, आणि ती एकटी. "मला येता येत नाही! तूच आण ना तिला!"

मोमेना उभी राहिली. हात पाठीमागंच. पहिले थेंब माझ्या पाठीवर पडले. पलीकडे कोहिनूर चटईचं एक टोक ओढत होती आणि दुसऱ्या टोकानं भात मातीत सांडत होतं.

मोमेनानं वाकून मला उचललं. पदरात गुंडाळलं आणि धावत सुटली. मला खुराड्यात ढकललं, दार लावलं आणि चटईचं दुसरं टोक धरलं. "उचल!" ती ओरडली. "बघतेस काय? उचल!"

आता मी अंडी घालत नाही. माझे दिवस किती उरलेत ते मला माहीत आहे. घरी पाहुणा आला की कोहिनूर खुराड्यात डोकावते, आणि तिची नजर माझ्यावर जरा जास्त रेंगाळते. कोंबडीच्या जन्माला येऊन मी त्याची तक्रार काय करू? एकच मागणं आहे. त्या दिवशी मोमेनाला बोलवावं. म्हाताऱ्या कोंबडीचं मांस चिवट असतं, लवकर शिजत नाही. तेवढा वेळ दोघी एका चुलीपुढं बसल्या, तर माझं काही म्हणणं नाही.