मोतीबिंदूचं निमित्त

रविवारी आर्विडने मेपलच्या पाकाची बाटली उचलली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचून दाखवली.

"साखर, पाणी, रंग. मेपल नावालाच! आता तुझ्या सुरकुत्यासुद्धा दिसतात, मार्नी."

"मग पुन्हा मोतीबिंदू होऊ दे तुला," मार्नी म्हणाली. आई वारल्यापासून तिच्या बापाने पहिल्यांदाच तीन पॅनकेक खाल्ले होते. ती हलक्या मनाने घरी परतली.

सोमवारी शेरीफचा फोन आला. आर्विडने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती, आणि तीही स्वतःच्याच रायफलीने, जी मार्चपासून व्हर्न टकरच्या तिजोरीत असायला हवी होती.

व्हर्न हा बापाचा चाळीस वर्षांचा शिकारीतला सोबती. दफनानंतर चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलापाशी, मार्नीने त्याला गाठलं.

"परत का दिलीत, व्हर्नकाका?"

"तूच म्हणालीस ना, पोरी, नजर येईपर्यंत सांभाळा म्हणून? ऑपरेशन झालं, नजर आली, हरणांच्या शिकारीचा मोसमही तोंडावर आला. बंदुकीच्या दुकानात जाऊन रीतसर फॉर्म भरला, पोलिसांकडून तपासणी झाली, वर दहा दिवस थांबलो. कुठे चुकलो मी?"

"दहा दिवस! आणि मला एक फोन नाही?"

"तोच म्हणाला, तिला कळू देऊ नकोस. हरणाचं मांस घेऊनच दारात उभा राहतो."

त्या दहा दिवसांतल्या रविवारीही बाप तिच्यासमोर बसून हसत जेवला होता. दोघांनी मिळून केसाने गळा कापला होता तिचा.

पण मार्चमध्ये रायफल व्हर्नकडे सोपवायला तिघं ज्या दुकानात गेली होती, ते तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांच्या राज्यात ओळखीच्या माणसालाही बंदूक परस्पर देता येत नाही, सांभाळायला दिली तरी तपासणी लागते. दुकानदार हळूच म्हणाला होता, "कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करेल अशी भीती असेल तर तसं सांगा, बाई. मग कागद लागत नाही, आत्ता घेऊन जा." बाप पलीकडे मासेमारीचे गळ हाताळत उभा होता. गावात त्याचं हसं होईल म्हणून ती म्हणाली होती, "छे, मोतीबिंदू आहे. द्या फॉर्म."

"डोळे खरंच बरे झाले होते गं त्याचे," व्हर्न म्हणाला.

"डोळ्यांचं नव्हतंच, काका." तिचा आवाज चढला आणि आसपासची माणसं बोलायची थांबली. "बाबांना जगायचं नव्हतं. मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही."