फळीमागचा हूक

मी एक जुना लोखंडी हूक आहे. मित्रांनो, तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. पण मेक्सिकोच्या युकातान प्रांतातल्या आमच्या एस्पिता गावात खोली बांधताना खिडकीच्या आधी हुकांची जागा ठरते, कारण इथली माणसे विणलेल्या झोळीतच निजतात. पलंगही घरोघरी असतो, पण त्यावर धुतलेले कपडे झोपतात.

घायपाताचा मळा बंद पडला, तेव्हा तिथल्या छोट्या गाडीच्या रुळांतून एलेउतेरियो लोहाराने मला घडवले. वृद्धाश्रमाच्या चौथ्या खोलीत मी एका भिंतीत, माझा जोडीदार समोरच्या भिंतीत. आम्ही कधी भेटलो नाही. आमची ओळख मधल्या दोरीतून. झोळीतल्या माणसाने कूस बदलली की दोघांनाही एकदमच कळायचे.

निकोलासाआजी सहा वर्षे आमच्या झोळीत निजली. दुपारी जेवून ती आडवी व्हायची, एक पाय बाहेर काढून बाजूच्या भिंतीला हलकेच रेटा द्यायची आणि तिसऱ्या झोक्याला घोरू लागायची. तिचा भार उचलण्यात मला मोठा अभिमान वाटे.

मग राजधानीतून ओक्ताव्हियोसाहेब आले. आश्रमाचे रूप पालटायचे काम त्यांच्याकडे होते. माणूस वाईट नव्हता. माझा खरा संताप त्याचाच आहे, वाईट माणसावर चिडणे सोपे असते.

"हे भिंतीभर फाशीचे हूक कसले? बघूनच उदास वाटतं," ते म्हणाले.

"झोळीचे आहेत साहेब," आजीची देखभाल करणारी फिदेलिया हसून म्हणाली.

"म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत दोरीलाच लोंबकळायचं? चांगली गादी नको त्यांना?"

"तेही खरंच म्हणा," फिदेलिया म्हणाली. ती स्वतः घरी झोळीतच झोपते, बरे का!

भिंतींवर राखाडी रंगाच्या गुळगुळीत फळ्या चढल्या. दोन्ही बाजूंना कठडे असलेला पलंग आला. समोर कपाट बसवायचे म्हणून माझ्या जोडीदाराला करवतीने कापून काढले. माझ्या तोंडावर फळी ठोकली. उद्घाटनाला नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आजीचा मुलगा गास्पार म्हणाला, "आई, राणीची खोली मिळाली की तुला!"

"छान आहे," आजी म्हणाली. एवढ्या लोकांत पलंगावर झोप येत नाही म्हणायचे आणि खेडवळ ठरायचे? तिला ते जमले नाही.

दुसऱ्या दुपारपासून मला फळीमागे आवाज येऊ लागला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. आजी कठड्यातून पाय काढून माझ्या भिंतीला रेटा देत होती, पण पलंग जागचा हलत नव्हता. पुढे तिने जेवण टाकले. घेवड्याची आमटी तशीच परत जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, वय झाले.

"आजी, दोन घास तरी खा गं. खोली आवडली नाही का?" फिदेलियाने विचारले.

"खोलीला काय धाड भरलीय? छान आहे."

मित्रांनो, एवढी चीड मला आयुष्यात आली नव्हती. आजीचे दुखणे मला कळत होते, औषध माझ्यापाशी होते, आणि मी फळीमागे गाडलेला! राणीची खोली म्हणे. राणीचा जीव चाललाय, तो कोणाला दिसत नाही.

तीन आठवडे रेटे खाऊन फळ्या खिळखिळ्या झाल्या आणि एका दुपारी माझ्यापुढची फळी धाडकन खाली आली. फिदेलिया धावत आली. तिने मला पाहिले, मग कठड्याबाहेरचा आजीचा पाय पाहिला.

"अगं बाई! रोज रेटा देतेस होय?"

"मेली सवय जात नाही," आजी म्हणाली, आणि तिला रडू फुटले. "हे हलतच नाही गं. जिवंतपणीच पेटीत घातल्यासारखं वाटतं."

फिदेलियाने घरून स्वतःची झोळी आणली. एक टोक माझ्यात अडकवले आणि दुसरे टोक हातात धरून ती कपाटापुढे उभी राहिली. एका हुकावर झोळी टांगता येत नाही. तिने कपाटाच्या मुठीला गाठ मारून पाहिली. मूठच हातात आली. शेवटी तिने ते टोक खिडकीच्या गजांना बांधले. झोळी तिरकी लागली, खोलीचे दार पुरते मिटेना. आजी आत शिरली, पाय भिंतीला लावला, आणि तिसऱ्या झोक्याला घोरू लागली.

पुढल्या आठवड्यात ओक्ताव्हियोसाहेब फोटो काढायला आले. "माझ्या खोलीची काय दशा केलीत ही!"

"बाळा, तू कुठं झोपतोस?" आजीने झोळीतूनच विचारले.

"पलंगावर."

"मग मी येऊन कधी तुझ्या पलंगावर फळ्या ठोकल्या का?"

साहेब कॅमेरा घेऊन बाहेर पडले. त्यांनी पाचव्या खोलीचा फोटो काढला.

मित्रांनो, कोणासाठी खोली सजवाल तेव्हा आधी त्याला विचारा. तो "छान आहे" म्हणाला तर तेवढ्यावर जाऊ नका, चार दिवसांनी त्याची झोप आणि त्याचे ताट बघून या. माझे नशीब, माझी फळी पडली. पाचव्या खोलीत बाउदेलियोआजोबा आहेत. तेही सगळ्यांना "छान आहे" असेच सांगतात. दुपारी आश्रम शांत झाला की त्यांच्या भिंतीतून मला आवाज येतो. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक.

त्यांची फळी अजून पडलेली नाही.