न दुखणारा गुडघा

वेंडेल स्टुप्काने सकाळपासून चौथ्यांदा भिंतीवरचं घड्याळ बघितलं, तेव्हा इर्मा त्याच्या कपात कॉफी ओतता ओतता म्हणाली, "बघून बघून काटे पळत नसतात रे म्हाताऱ्या."

"तू कॉफी ओत. शहाणपण नको शिकवूस."

"इथे ते कॉफीबरोबर फुकट असतं," इर्मा म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली.

साडेनऊ वाजले होते. बारा वाजायला अडीच तास होते, आणि ते कसे काढायचे हे वेंडेलला कळत नव्हतं. समोर बसलेल्या एझेल पेटवेला तर त्याहून कळत नव्हतं. एझेल बसला की त्या बाजूचं अख्खं बाकडं भरून जायचं. उंची साडेसहा फूट, वजन तीनशे दहा पौंड, वय तेवीस. पोरगं अलाबामाच्या एका आडगावातलं, टोलेडोच्या थंड कॉफीला आणि थंड माणसांना अजून न सरावलेलं. त्याने आपला फोन साखरेच्या भांड्याला टेकवून टेबलावर मधोमध उभा केला होता, आणि दोघंही त्याच्याकडे टक लावून बसले होते.

एझेल मनात म्हणत होता, वाज. वेंडेल म्हणत होता, मेल्या, वाजू नकोस.

त्याचं कारण असं. अमेरिकन फुटबॉलचा मोसम तोंडावर आला की प्रत्येक संघाला नव्वद गड्यांतले त्रेपन्न ठेवून बाकीच्यांना घरची वाट दाखवावी लागते. ते कालच झालं होतं. काढलेल्यांची नावं बाकीच्या एकतीस संघांकडे जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्यांतल्या कुणी नाव उचललं, तर गडी त्यांचा, आणि तोही थेट त्रेपन्नात. कुणीच उचललं नाही, तर जुना संघ त्याला परत बोलावून सरावाच्या तुकडीत घालू शकतो. तिथे आठवडाभर धक्के खायचे आणि रविवारच्या सामन्यात मैदानाच्या काठावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

टोलेडो फेरीमेन संघाने काल एझेलला काढलं होतं, ते त्याला परत घेण्यासाठीच. एझेल डावा टॅकल होता. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरतो तेव्हा त्याची पाठ राखायची, हे त्याचं काम. संघाचा आत्ताचा डावा टॅकल बड हॅनिगन याची कंबर नाताळपर्यंत टिकणार नाही, हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बड सोडून. मॅनेजर हॉलिस ग्रँडबेरी म्हणाला होता, "बड बसला की हा पोरगा उभा करायचा. मग बघ, जानेवारीत आपल्याला कोण अडवतं ते!" पण एझेलला आत्तापासून त्रेपन्नात ठेवायचं, तर बचावाचा एक चांगला गडी सोडावा लागत होता. हॉलिसला दोन्ही डगरींवर हात ठेवायचा होता.

आणि वेंडेलला चषक हवा होता. एकोणतीस वर्षं तो टोलेडोसाठी गडी हुडकत देशभर फिरला होता. थंडीवाऱ्यात लाकडी बाकांवर बसून पोरांचे पाय बघितले होते, मोटेलांमधलं शिळंपाकं खाल्लं होतं. एवढं करून टोलेडोत चषक एकदाही आला नव्हता. फेब्रुवारीत तो निवृत्त होणार होता. माणसाने हवं म्हणावं की नाही? त्याला हवा होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला परवापरवापर्यंत वाटलं नव्हतं.

सरावाच्या दुसऱ्या सामन्यात एझेलला अकरा डाव मिळाले होते. त्यातल्या एका डावात त्याने समोरच्या दांडग्या गड्याला असा रेटत नेला, की तो थेट पाण्याच्या बाटल्यांवर जाऊन पडला. सगळं मैदान हसलं, पण हॉलिस हसला नाही. वेंडेलच्या कानाशी लागून तो म्हणाला, "झाक त्याला. अजून एक सामना असा खेळला, तर एकतीसच्या एकतीस जण धावत येतील."

झाकायचं कुणी? वेंडेलने. पोराचा विश्वास त्याच्यावरच होता ना! त्या आडगावच्या कॉलेजात वेंडेलखेरीज गडी हुडकणारा दुसरा एकही स्काउट फिरकला नव्हता. एझेलच्या आईने, अर्लीनबाईंनी, त्याला आग्रह करकरून तीनदा वाढलं होतं आणि निघताना म्हटलं होतं, "तुमच्या हवाली करते हो पोराला."

तिसऱ्या सामन्याच्या आधी वेंडेल पोराला म्हणाला, "तुझा डावा गुडघा मला बरा दिसत नाही. चालताना बघतोय मी."

"मला तर काहीच दुखत नाही, सर."

"आत्ता नाही दुखत. दुखायला लागलं की मग मोसम गेलाच म्हणून समज. या सामन्यात बस तू."

डॉक्टरला विचारायची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही. जखमींच्या यादीत 'पेटवे, डावा गुडघा' असं लागलं आणि पेपरात छापून आलं. इकडे अर्लीनबाई चर्चच्या गाडीतून अकरा माणसं घेऊन चौदा तासांचा प्रवास करून पोराचा खेळ बघायला आल्या होत्या. पोरगा ट्रॅकसूट घालून काठावर उभा. त्याचा नंबर रंगवलेली एक चादर त्यांनी आणली होती. सामना संपल्यावर त्यांनी आणि एका शेजारणीने दोन टोकं धरून तिची नीट चौघडी घातली. वेंडेलने ते वरच्या बाकांवरून बघितलं, आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

इर्माने अंडी, बटाटे आणि पॅनकेक आणून ठेवले. वेंडेलने काटा उचलला, तर एझेलने दोन्ही पंजे टेबलावरून पुढे केले.

"हात द्या, सर."

द्यावे लागले. एझेलने डोळे मिटले. "देवा, या अन्नाबद्दल तुझे आभार. आजच्या दिवशी सरांना माझ्यासोबत बसायची बुद्धी दिलीस, त्याबद्दल आभार. आणि देवा, एकतीस आहेत ते. मला एकच पुरे. आमेन."

"आमेन," वेंडेल म्हणाला. आता काय म्हणणार? दोघंही देव पाण्यात घालून बसले होते, फक्त वेंडेलचं मागणं नेमकं उलटं होतं. तिथे बसायची बुद्धीही त्याला देवाने दिलेली नव्हती. 'पोराला नजरेआड होऊ देऊ नकोस,' असा हॉलिसचा हुकूम होता.

दहा वाजले. साडेदहा वाजले. फोन एकदा थरथरला आणि दोघांचेही हात एकदम पुढे गेले. टायर बदलून घ्या म्हणणाऱ्या कुणा दुकानाची जाहिरात होती. वेंडेल उठून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मिठाची बाटली त्याने तीनदा डावीकडून उजवीकडे ठेवली. त्याच्या खिशात हॉलिसचा निरोप आला, 'अजून कुणी नाही. जमतंय.' वेंडेलला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा लगेच राग आला.

"सर, बाराला पाच मिनिटं असताना कुणी उचलल्याचं बघितलंय तुम्ही?"

"पुष्कळदा."

"मग तुम्ही एवढे का घाबरलात?" एझेल हसला. "माझ्यापेक्षा तुमचाच जीव जास्त टांगणीला लागलाय. खा काहीतरी. माझे पॅनकेक घ्या. आई म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवू नकोस."

"म्हातारा कोण रे?"

"ती इर्मा म्हणते तो."

वेंडेलला हसू आलं, आणि त्याने एक तुकडा तोंडात घातला.

"आई रोज गुडघ्याचं विचारते," एझेल सांगत होता. "तिने तेल पाठवलंय, रोज चोळतो. आणि तुमचंच बरोबर होतं, सर. आधी मला वाटायचं काही नाही. पण दोन दिवस झाले, सकाळी उठलं की जरा अवघडल्यासारखं वाटतं खरं."

वेंडेलच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"कुठे?"

"इथेच, वाटीच्या खाली. तुमच्या नजरेची कमाल आहे हं. मला कळायच्या आधी तुम्हाला कळलं!"

अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. वेंडेल उठला, "आलोच" म्हणाला आणि बाहेर गाड्या लावतात तिथे जाऊन उभा राहिला. मरू दे तो चषक, तो मोठ्याने म्हणाला, आणि त्याने ओमाहा संघाच्या गस लिंडक्विस्टला फोन लावला. गस त्याला तीस वर्षं ओळखत होता.

"गस, तुला डावा टॅकल हवाय."

"मला हवाय हे तुला कुणी सांगितलं?"

"आंधळ्यालाही दिसतंय. आमचा पेटवे उचल. वीस-पंचवीस मिनिटं राहिलीत."

पलीकडून खदाखदा हसू आलं. "तुमचा गडी, आणि उचल म्हणून तू मला सांगतोस? सकाळी सकाळी काय पाजलंय रे तुला?"

"खरं बोलतोय मी."

"तो बुटका किकर आमच्या गळ्यात मारलास, तेव्हाही खरंच बोलत होतास. दोन वर्षं भोगलं आम्ही त्याला."

"ते वेगळं होतं."

"बरं, गुडघ्याचं काय त्याच्या?"

"काही नाही झालेलं. ठणठणीत आहे. ते आम्हीच उठवलं, तुम्ही त्याला बघू नये म्हणून."

"म्हणजे यादीत लिहिलंत ते खोटं, आणि आता मला फोनवर सांगतोस ते खरं?"

"हो!"

"गड्या, तू मला आजवर घोटभर पाणी तरी फुकट पाजलंयस का? मोडका गुडघा कुणाच्या तरी गळ्यात मारायचा, आणि बारा वाजत आले तरी गिऱ्हाईक मिळत नाही, हेच ना?"

"आईशप्पथ, गस."

"तुझी आई जाऊन वीस वर्षं झाली. त्या माउलीला कशाला मध्ये ओढतोस!" गसने हसत हसतच फोन ठेवला.

विश्वास गेला पानिपतात, म्हणतात तसं झालं. एकोणतीस वर्षं वेंडेलने लबाडी जपून जपून वापरली होती, तिची कीर्ती झाली होती, आणि आता खऱ्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. त्याने आणखी दोन ठिकाणी फोन लावले. एकाने उचललाच नाही. दुसरीकडे कुणी तरुण बाई होत्या, त्या अदबीने म्हणाल्या, "आपण हे सगळं ईमेलवर पाठवाल का?"

तो आत आला तेव्हा एझेल फोनकडे बघत नव्हता, घड्याळाकडे बघत होता. दोन मिनिटं राहिली होती. मग एक. इर्मा कॉफीचं भांडं हातात घेऊन उगाच त्यांच्या टेबलाशी घुटमळली. बारा वाजले. साखरेच्या भांड्याला टेकलेला फोन तसाच काळा राहिला.

वेंडेलच्या खिशातला मात्र थरथरला. त्याने टेबलाखाली धरून हॉलिसचा निरोप वाचला. 'सुटला! आपलाच! म्हाताऱ्या, चषक आणतोय आपण!' त्याने फोन पालथा करून मांडीवर दाबून धरला.

"एकतीस," एझेल हळूच म्हणाला. "एकालासुद्धा नको झालो." मग त्याने वर बघितलं. "गुडघा खरंच खराब आहे ना, सर?"

"नाही! ऐक, एझेल. तुझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालेलं नव्हतं. मी खोटं बोललो तुझ्याशी. तू इतका चांगला खेळलास की तुला लपवायचं ठरलं, आणि लपवलं मी. तुझी आई चौदा तास बसून आली, तिच्याशीही मी खोटं वागलो. तुझ्याइतका चांगला टॅकल मी उभ्या जन्मात बघितला नाही. शिव्या दे मला. काहीतरी बोल."

एझेल त्याच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचे डोळे भरून आले, आणि वेंडेलला वाटलं, कळलं एकदाचं.

"सर," एझेल म्हणाला, "माझं मन राखायला तुम्ही स्वतःला खोटारडं म्हणवून घेताय?"

"अरे नाही रे बाबा!"

"दुसरं कुणी नसतं केलं एवढं. एकतीस जणांनी गुडघा बघितला आणि पाठ फिरवली. तुम्हाला तर सगळ्यात आधी दिसला होता, आणि तुम्ही मला परत घेताय." त्याने बाहीने डोळे पुसले. "चला. सही कुठे करायची?"

"एझेल, देवाशप्पथ सांगतो..."

"राहू द्या हो, सर. आईला सांगेन मी तुम्ही काय म्हणालात ते. तिला बरं वाटेल."

तो उठला. उठताना त्याने एक हात टेबलावर टेकला, डावा पाय आधी बाजूला काढून हळूच सरळ केला, आणि मग अंग वर घेतलं. इर्माने त्याच्यासाठी दार धरलं. "सावकाश रे राजा," ती म्हणाली.

वेंडेल मागून धावत आला. त्या प्रचंड पोराचा डावा पाय जमिनीला पुरता लागत नव्हता. "एझेल! सरळ चाल ना! टेक तो पाय, काही होत नाही!"

एझेलने वळून न बघता हात वर केला. "नका काळजी करू, सर," तो ओरडून म्हणाला. "होईल सवय."

आणि लंगडत लंगडत तो वेंडेलच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला.