उकर्डाचा नातू

तरन्नुमच्या लग्नपत्रिकेवर तिच्या बापाचं नाव छापलं होतं शेख इकराम. आसेगावात या नावाचा माणूसच नाही. तिचा बाप म्हणजे आमचे शेजारी शेख उकर्डा, आम्हा सगळ्यांचे भाऊ. पण ही पोरगी मोबाइलवर नावांचे अर्थ बघत बसणारी. तरन्नुम म्हणजे गोड सूर, इकराम म्हणजे मान आणि उकर्डा म्हणजे उकिरडा! कारंज्याच्या सासरी ते नाव दाखवायची तिला लाज वाटली. भाऊ पत्रिका बघून "चांगली हाये" एवढंच म्हणाले. माझं मात्र डोकं फिरलं.

फिरणारच. त्या नावात माझ्या आजेसासूचा, भागिरथाबाईचा हात होता. भाऊंच्या आईची तीन लेकरं पाठोपाठ गेली होती. चौथं झालं तेव्हा तिनं ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. टाकलेल्या लेकराकडे मरण ढुंकूनही बघत नाही, असं तेव्हा सगळेच मानत, मग घर कोणाचंही असो. भागिरथाबाईनं ते लेकरू उचललं आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन आपलंच पोर विकत घेतलं. नाव पडलं उकर्डा. त्या नावानं माणसानं सत्तरी गाठली.

लग्नानंतर तरन्नुमची दोन बाळं गेली. तिसरं इथे माहेरी झालं. सातव्या दिवशी जावळ काढून नाव ठेवायचं होतं. नाव तिनं शोधून ठेवलेलं, हयात. म्हणजे आयुष्य. मी गेले तर ही बया बाळाला सुपात घेऊन मागच्या दाराकडे निघालेली.

"कुठी चालली वं?"

"उकिरड्यावर. रत्नमालाकाकू, तुमी याले उचला बरं. मले लय भेव वाटते. हा बी गेला तं?"

चार शब्द सुनावायचं मनात होतं, पण तिचं तोंड बघून माझाच जीव गलबलला.

बाजेवरून भाऊ बोलले, "तिकडं घाणीत कायले ठेवतं लेकराले? आन इकडं. माह्या मांडीवर ठेव. मौत एकडाव मले पाहून वापस गेली हाये."

ते मांडी घालून बसले. तिनं सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि रडायलाच लागली. "अब्बा, पत्रिकेवर मी तुमचं नाव..."

"मालूम हाये. तो इकराम बी चांगलाच मानूस असन," भाऊ म्हणाले.

मी बाळाला उचललं. तिनं माझ्या पदरात ज्वारी ओतली. रीत म्हणून मी विचारलं, "कोनाचं लेकरू घेऊन राह्यली वं?"

तिनं बाळ छातीशी धरलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेख उकर्डाचा नातू हाये हा."