दुरुस्तीला पाठवलेलं रिव्हॉल्वर

एकोणीसशे त्र्याऐंशी साली हे झालं. सालाबद्दल माझी चूक होणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी तांब्याची खाण बंद झाली होती आणि त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत माझी भावजय सिल्वी गेली. सुपिरिअर सरोवराकाठच्या आमच्या गावात तेव्हा दर तिसऱ्या घरासमोर 'विकणे आहे' अशी पाटी होती आणि घेणारा एकही नव्हता.

मी तोवर मिस्टर ट्रेगिअर यांच्या हार्डवेअरच्या दुकानात सोळा वर्षं काउंटरवर होते. खिळे, साखळ्या, रंग, गळ, बर्फाचे बूट आणि मागच्या भिंतीवर बंदुका. पार्सल कंपनीचा ट्रकही आमच्याच दाराशी थांबायचा, म्हणून गावाची सगळी पार्सलं माझ्या हातून जात. बंदूक दुरुस्तीला पाठवायची असली की लोक सरळ माझ्याकडे येत, कारण नियम मला तोंडपाठ होते. रायफल टपालाने चालते, पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर चालत नाही. ते पार्सल कंपनीनेच जायला हवं. आत काय आहे ते कंपनीला लेखी कळवायचं, पण खोक्यावर बाहेरून त्याची खूण नको. आत एकही गोळी नको. साध्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या साध्या माणसाला ते पाठवायचं नाही, पण ज्या कारखान्यात बनलं तिथे दुरुस्तीला पाठवायला पूर्ण मुभा. आणि दुरुस्त झालं की कारखाना ते ज्याचं त्याला, थेट घरच्या पत्त्यावर परत पाठवू शकतो. मध्ये दुकानदार लागत नाही. हा शेवटचा नियम लोकांना फार आवडायचा. मलाही आवडायचा.

माझा भाऊ रेइनो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो खाणीत पाळणा चालवायचा. दोनशे माणसं सकाळी पृथ्वीच्या पोटात उतरवायची आणि संध्याकाळी वर आणायची, हे काम त्याने बावीस वर्षं केलं आणि एकदाही कुणाला खरचटलं नाही. खाण बंद झाल्यावर त्याला सहा महिने तिथेच पहारेकरी म्हणून ठेवलं. मग पंपही बंद केले, खाणीत पाणी भरू दिलं, आणि राखायला काही उरलं नाही. त्याच महिन्यात सिल्वी गेली.

उन्हाळ्यात त्याने कुत्री शेजाऱ्याला देऊन टाकली. गळ आणि जाळी मामेभावाच्या मुलांना दिली. सिल्वीची शिवणयंत्राची पेटी माझ्या दारात आणून ठेवली. मी म्हटलं, घर आवरतोयस वाटतं. तो म्हणाला, हो, जरा मोकळं करतोय. मी त्यावर आणखी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

सप्टेंबरात एकदा मी त्याला पेस्टी घेऊन गेले. बटाटा, मांस आणि सलगम भरलेली, आम्ही सगळे खातो तीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर त्याचं रिव्हॉल्वर. तेल दिलेलं, लखलखीत. पहारेकरी असतानाच त्याने ते घेतलं होतं, जुनं, कुणाच्या तरी वडिलांचं. चार दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हाही ते तिथेच. त्याच्या शेजारी कॉफीचा कप होता आणि कॉफीवर साय धरली होती.

मी म्हटलं, "रेइनो, हे थोडे दिवस माझ्याकडे ठेवते."

"का? तुला अस्वल छळतंय?"

"तसं नाही रे."

"मग मी वेडा झालोय का?" तो हसला, पण पुढे बोलायला त्याने वाट ठेवली नाही. आमच्या गावात माणसाकडून त्याचं हत्यार काढून घेणं म्हणजे त्याच्या कपाळावर 'वेडा' असं लिहिण्यासारखं होतं. वाइनो सालोच्या मुलांनी बापाची रायफल लपवली, तर वर्षभर लोक वाइनोशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत.

ऑक्टोबरात दुकानात रिव्हॉल्वर बनवणाऱ्या एका कारखान्याचं पत्रक आलं. आमच्या अमुक सालापूर्वीच्या रिव्हॉल्वरमध्ये एक दोष आहे, भरलेलं असताना जमिनीवर पडलं तर गोळी सुटू शकते, तेव्हा आमच्याकडे पाठवा, आम्ही फुकट नवा भाग बसवून देतो, आठ ते दहा आठवडे लागतील. पत्रकातला मॉडेल नंबर मी बोट ठेवून वाचला. ते रेइनोचंच होतं. दहा आठवडे म्हणजे जानेवारी. दरम्यान मी मार्केट नावाच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात फोन करून मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी सहा डिसेंबर दिली. मला फक्त तोवर ते रिव्हॉल्वर त्या घराबाहेर हवं होतं.

मी पत्रक रेइनोला नेऊन दाखवलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. पाळणा चालवणारा माणूस. बिघडलेलं यंत्र तसंच ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. म्हणाला, "हे तर करायलाच हवं." सोमवारी, चोवीस तारखेला, तो ते टॉवेलात गुंडाळून स्वतः दुकानात घेऊन आला. त्याने ते माझ्यासमोर उघडून रिकामं असल्याचं दाखवलं. मी खोकं दिलं. त्याने कागद चुरगळून कोपरे भरले, चिकटपट्टी लावली, आणि फॉर्मवर स्वतःचं नाव आणि पत्ता सुबक अक्षरांत लिहिला. डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बघू. मला वाटलं, बघू म्हणजे अर्धा होकार.

तो गेल्यावर मी एक गोष्ट केली. कारखान्यासाठी आत चिठ्ठी घालायची असते, काय बिघडलंय त्याची. खोकं पुन्हा उघडून त्याच्या चिठ्ठीखाली मी लिहिलं: हे टेबलावरून पडलं आणि गोळी सुटली. माणूस थोडक्यात वाचला.

असं काही झालं नव्हतं. पण मला पक्कं आठवत होतं, हेक्की नावाच्या लाकूडतोड्याचा पाय यांत्रिक करवतीने कापला होता, तेव्हा त्याने करवत कंपनीकडे पाठवली आणि कंपनीने ती सात महिने ठेवून घेतली. वकील आले, फोटो काढले, पत्रं झाली. मला वाटलं, अपघात म्हटला की ते ठेवून घेतील. वसंतापर्यंत तरी. सोळा वर्षांत कागदावर लिहिलेलं माझं हे पहिलं खोटं.

पुढचे तीन आठवडे बरे गेले. शनिवारी रेइनो माझ्याकडे सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, यायचा. गरम दगडांवर पाणी टाकून आम्ही लहानपणासारखे गप्प बसायचो. नंतर तो दोनदा वाढून घेऊन जेवायचा. एकदा म्हणाला, हल्ली झोप लागते. मी त्या रात्री देवाचे आभार मानले.

चौदा नोव्हेंबरला सोमवार होता. पंधराला हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, म्हणून आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नारिंगी टोप्या, परवाने, गोळ्या, थर्मास, आणि त्याच त्या थट्टा. दहाच्या सुमारास पार्सलवाला डेल्बर्ट लाफाव्ह माल घेऊन आत आला. काउंटरवर त्याने यादी ठेवली तेव्हा माझी नजर त्याच्या काखेतल्या खोक्यावर गेली. आत काय आहे ते त्यावर लिहिलेलं नव्हतं, फक्त रेइनोचा पत्ता आणि पाठवणाऱ्याच्या गावाचं नाव. ते कारखान्याचं गाव मी झोपेतही ओळखलं असतं.

"हे इथेच ठेव," मी म्हटलं. "रेइनोचं आहे. मी देते त्याला."

डेल्बर्ट हसला. "इम्पी, तूच मला शिकवलंस ना? ज्याचं नाव त्याची सही. आता तूच नियम मोडायला सांगतेस?"

"तो घरी नसेल."

"आत्ताच त्याच्या धुराड्यातून धूर पाहिला. नसला तर उद्या परत आणीन."

मी त्याची बाही धरली. हळू आवाजात म्हटलं, "डेल्बर्ट, आज नको देऊस."

"का गं?"

त्याच्या मागे रांगेत बारा-चौदा माणसं होती. सगळी रेइनोने खाली उतरवलेली, वर आणलेली. सगळी ऐकत होती. कुणीतरी म्हणालं, "इम्पीचा जीव जडला डेल्बर्टवर," आणि हशा पिकला. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझा भाऊ स्वतःला मारील, एवढंच. ते जिभेपर्यंत आलं. मग माझ्या डोळ्यांपुढे आलं, हे सगळे उद्यापासून रेइनोशी कसं बोलतील, आणि रेइनोला कळेल की मी भर दुकानात सांगितलं.

मी बाही सोडली. म्हटलं, "काही नाही. जा."

मिस्टर ट्रेगिअर यांना मी म्हटलं, मला जायला हवं. ते म्हणाले, वर्षातून एक दिवस असा असतो, इम्पीबाई, आणि तुम्हाला आजच जायचंय? तरी मी साडेअकराला एप्रन काढून निघाले.

रेइनो टेबलाशी बसला होता. खोकं उघडलेलं. रिव्हॉल्वर अजून तेलकट कागदात होतं. त्याच्या हातात कारखान्याचं पत्र होतं.

"ये," तो म्हणाला. "कॉफी घेतेस? हे बघ, लोकांनी किती घाई केली. म्हणतात, अशी तक्रार आली की आम्ही ती सगळ्यांच्या आधी घेतो. माफी मागितलीय. कुणाला इजा झाली का म्हणून विचारलंय."

मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"कुणाला झाली, इम्पी?"

"मी लिहिलं ते."

"ते कळलं. अक्षर तुझंच असणार. का?"

"मला ते इथे नको होतं."

तो बराच वेळ पत्राची घडी घालत बसला. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "तू कधी खोटं बोलली नाहीस. आईच्या बशा फोडल्या तेव्हासुद्धा."

मी म्हटलं, "रेइनो, सहा डिसेंबरपर्यंत ते माझ्याकडे दे. मग हवं तर परत घे. मी कुणाला सांगणार नाही."

"आज नको. आज गावभर शिकारी, आणि मी ते तुझ्या पिशवीत घालून त्यांच्यासमोरून पाठवू? शनिवारी सौनाला येताना घेऊन येतो."

"शब्द दे."

"दिला."

आमच्याकडे दिलेला शब्द म्हणजे सहीपेक्षा पक्का. आणि हा तर रेइनो. मी कॉफी प्यायले. त्याने मला दारापर्यंत सोडलं, पायऱ्यांवर बर्फ आहे, जपून जा म्हणाला. मी परत दुकानात जाऊन सहा वाजेपर्यंत शिकारीचे परवाने फाडून देत राहिले.

गुरुवारी सकाळी तो जुन्या खाणीच्या मागच्या चढावर गेला. मोसमाच्या त्या दिवसांत पहाटेपासून चारी बाजूंनी बार ऐकू येतात, आणि कुणी मान वर करून बघत नाही. शुक्रवारी दुपारी दोन शिकाऱ्यांना तो सापडला. शनिवारी मी सौना पेटवला होता की नाही, मला आठवत नाही. लोक म्हणतात, धूर दिसत होता.

शेरिफचा माणूस आला. त्याने सगळे कागद मागितले. मी फॉर्म, पावती, डेल्बर्टच्या यादीवरची रेइनोची सही, सगळं ओळीने त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, बाई, यात कुठेच काही चुकलेलं नाही. आणि टोपी घालून गेला. डिसेंबरात कारखान्याचं छापील कार्ड आलं, दुरुस्तीबद्दल आपण समाधानी आहात का, खूण करून परत पाठवा. टपालखर्च त्यांनीच भरला होता.

मिस्टर ट्रेगिअर यांनी सत्त्याऐंशीत दुकान विकलं आणि मुलीकडे ॲरिझोनाला गेले, तिथेच वारले. त्या दिवशी त्यांनी रजा देताना कुरकुर केली, त्याबद्दल त्यांनी मला दोनदा पत्र लिहिलं. मी उत्तरात हवामान लिहिलं. रेइनोची कुत्री शेजाऱ्याकडे अकरा वर्षं जगली. घर पाच वर्षं रिकामं राहिलं, मग शिकागोच्या एका जोडप्याने उन्हाळ्यासाठी घेतलं. रिव्हॉल्वर कायद्याने वारस म्हणून माझ्याकडे आलं. ते मी वेल्डरकडून कापून घेतलं आणि तुकडे भंगारात टाकले.

डेल्बर्ट चोवीस वर्षं तोच ट्रक चालवून निवृत्त झाला. त्याच्या नातीच्या लग्नात आम्ही एका टेबलावर बसलो होतो. तेव्हा मी त्याला सांगितलं, त्या सोमवारी काय सांगायचं राहिलं ते. तो खूप वेळ रुमालाने बोटं पुसत राहिला. मग म्हणाला, "तू बोलली असतीस, इम्पी, तर ते खोकं मी ट्रकमध्ये विसरलो असतो. नाताळपर्यंत विसरलो असतो." दोन वर्षांनी तोही गेला.

मी आता ब्याण्णव वर्षांची आहे. रांगेतल्या त्या बारा-चौदा जणांपैकी कुणीच उरलेलं नाही. त्यांच्यातल्या एकानेही पुढे आयुष्यभर रेइनोबद्दल वावगा शब्द काढला नाही. उलट ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, सांगितलं असतं तर आम्ही आळीपाळीने त्याच्याकडे बसलो असतो.