इचोड्याचा आकडा

इचोड्याच्या अकरा मुली रोज माझ्या डोळ्यांदेखत ऑफिसचा जिना धडधडत उतरत होत्या आणि रिपोर्टमध्ये त्या गावासमोर एक लिहिलेलं होतं. तेव्हा माझं डोकं जे फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आदिलाबादच्या आमच्या ऑफिसात विम्याचे कागद तपासून कॉम्प्युटरवर चढवतात. माणसांचे महिन्याचे रिपोर्ट माझ्याकडे. कुठल्या गावाहून किती जण येतात, त्यावर कंपनीची गाडी ठरते. सहापेक्षा कमी असले की गाडी बंद. दुसरी शिफ्ट नऊला सुटते. गाडी इचोड्याच्या मुलींना दारापर्यंत सोडायची, म्हणून तर घरच्यांनी त्यांना नोकरीवर पाठवलं होतं. त्यांच्यातल्या स्वराचं घर तर हायवेपासून बरंच आत, ढाब्यांच्या मागे.

जूनच्या शेवटी हैद्राबादच्या हेड ऑफिसने नवा रिपोर्ट आणला. त्यात महिना निवडला की फक्त त्या महिन्यात नोकरीला लागलेली माणसं मोजली जायची. इचोड्याच्या दहा जणी गेल्या दसऱ्यानंतर एकदम लागल्या होत्या, जूनमध्ये एकटी चैत्राली. झालं! जून, इचोडा, एक. बाकीच्या दहा जणी गायब. आणि हुकूम आला, जुलैपासून गाडी बंद.

मी तडक मॅनेजरच्या, सुधाकररावांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हा आकडा चुकला आहे. महिनाअखेरीला कामावर कोण कोण आहे ते मोजा लागते. हे नुसते नवीन लागलेले मोजून राह्यले."

"मले माहीत नाही का? रोज पाह्यतो ना मी त्या पोरींले."

"मग सांगा ना वर."

"त्यांचा रिपोर्ट चुकला असं मी सांगू? तुमीच दरख्वास्त पाठवा. आन् तसंबी बायांले सरकारी बस फुकट आहे आता."

"नऊनंतरची बस हायवेवर उतरवते, सर. पुढं अंधारात तुमी जाता का सोडाले?"

सुधाकररावांना एकदम कुठलीतरी फाइल आठवली. ती शोधता शोधता त्यांनी मला बाहेर काढलं.

दुरुस्ती मी त्याच दुपारी करून ठेवली होती. दोन ओळींचं सूत्र! पण रिपोर्टला हात लावायची परवानगी हैद्राबादकडे. मी रोज फोन करायची आणि रोज तिकडून एकच उत्तर, "चूद्दाम, मॅडम." बघू म्हणे. डोंबल बघणार!

मुलींनी काही दिवस मिळून ऑटो केला. मग ऑटोवाला नऊला यायला कुरकुर करू लागला, घरचे वैतागले आणि एकेक जण येईनाशी झाली. स्वराने सगळ्यांत जास्त तग धरला. एका संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, बाबा रोज हायवेवर येऊन उभे राह्यते. सकाळी त्यांले कामावर जा लागते. काल म्हणे, आता पुरे."

"आठ दिवस थांब. मी करून राह्यली ना."

"मांगंबी तुमी आठच दिवस म्हटलं होतं."

म्हटलं होतं खरं. शुक्रवारी तिने ओळखपत्र परत केलं आणि मला स्वतःचा, हैद्राबादचा, सगळ्या जगाचा राग आला.

परवानगी सप्टेंबरच्या सुरुवातीला आली. आता एक नवीनच गोम निघाली. बरोबर आकडा यायचा तर प्रत्येकाची नोकरी सोडल्याची तारीख हवी, आणि त्या तारखा कोणी भरल्याच नव्हत्या. त्याही मीच भरायच्या. स्वराचीही भरली. गाडी मागच्या महिन्याच्या आकड्यावर ठरते, म्हणून ऑगस्ट निवडला. इचोडा, एक. राहिली होती फक्त चैत्राली, कारण तिचा भाऊ तिला मोटरसायकलवर नेतो-आणतो.

सुधाकरराव माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा खुलला.

"पाहा बरं! तवाबी एकच होता ना? काऊन उगाच हैद्राबादवाल्यांले नावं ठेवत होत्या?"

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. स्वरा होती.

"ताई, रिपोर्ट दुरुस्त झाला म्हणे? चैत्राली सांगत होती. मग आता गाडी लागन ना? बाबांले सांगू का?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि सुधाकररावांच्या तोंडापुढे धरला.

"सांगा सर. आकडा किती आला ते तुमीच सांगा तिले."

ते माझ्या टेबलावर कुठलीतरी फाइल शोधू लागले.

"ताई?" स्वरा म्हणत होती. "आवाज येऊन राह्यला का, ताई?"