सोळा मेची सही

आमचं विद्यापीठ माणसाला अकरा महिन्यांसाठी नेमतं. बारावा महिना लागला की माणूस कायमचा होऊन बसेल, ही आस्थापना विभागाची जुनी धास्ती. म्हणून अकरा महिने भरले की एका दिवसाचा तांत्रिक खंड. त्या दिवशी तुम्ही कोणीच नसता. ओळखपत्र जमा, ग्रंथालयाचं कार्ड बंद, हजेरीपटावर तुमच्या नावासमोर लाल रेघ. दुसऱ्या दिवशी नवा आदेश येतो आणि तुम्ही नव्यानं जन्माला येता. मागच्या जन्मातली रजा, मागची सेवा, भविष्य निर्वाह निधीची मागची विचारपूस, यातलं काहीएक या जन्मात आठवायचं नसतं.

पीएच.डी. झाल्यावर मला असे दोन जन्म मिळाले होते. तिसऱ्याची वाट पाहताना मी नऊ महिन्यांची पोटुशी होते.

माझं काम उदगीरला, देवणी रस्त्यावरच्या उपकेंद्रात. उपकेंद्र म्हणजे काटेरी तारेचं कुंपण, एक पत्र्याची खोली आणि मधोमध लाकडी चौकटीवर ठेवलेलं चार फूट रुंदीचं पत्र्याचं टोपलं. त्याला कागदावर बाष्पपात्र म्हणतात. त्यात एका सुईच्या टोकापर्यंत पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेआठला ते पुन्हा टोकापर्यंत भरायचं. किती मापं ओतावी लागली, तेवढं पाणी उन्हानं प्यालं. आकडा नोंदवहीत लिहायचा, पुढं सही करायची.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात हे काम लोकांना समजावून सांगणं अवघड होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या गल्लीत आठवड्यानं टँकर, आणि मी रोज एक घागर पाणी ओतून ते किती वाळलं याची शिकल्यासारखी नोंद करत होते. कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या बायांनी एकदा मला विचारलं, की बाई, आम्हाला प्यायला न्हाई अन् तुम्ही हे काय करून राहिलात? मी सांगितलं, वाळवते. त्यावर त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यातली एक माझ्या पोटाकडं पाहत हळूच म्हणाली, "जाऊ द्या, या दिवसांत व्हतंय असं."

कुंपण सांभाळायला तय्यबचाचा होते. बकऱ्या, कावळे आणि बाया, तिघांपासून टोपलं राखायचं त्यांचं काम. ते ठेकेदाराचे रोजंदार होते. त्यांना मोजायला परवानगी नव्हती. आदेशातच लिहिलं होतं, की वाचन फक्त नियुक्त संशोधकानेच घ्यावे.

या टोपल्याचं महत्त्व वाढलं ते नव्या जिल्ह्यामुळं. उदगीर जिल्हा होणार, अशी हवा होती. हवा जुनीच होती, पण त्या वर्षी जोरात होती. मोंढ्यात लोकांनी कलेक्टर कचेरीची जागासुद्धा ठरवून टाकलेली. होऊ घातलेल्या जिल्ह्यात पाणी किती आणि ऊन किती, याचा अहवाल आमच्या विभागानं एका समितीला द्यायचा होता. समितीची अट एकच होती. सलग तीनशे पासष्ट दिवसांची नोंद, मध्ये एकही दिवस रिकामा नको. न झालेल्या जिल्ह्याचा हिशेब न नेमलेल्या बाईनं ठेवायचा, असा एकंदर कारभार.

माझा दुसरा आदेश पंधरा मेला संपला. तिसरा सतरा मेपासून. पंधरा तारखेच्या आधीच मी बाळंतपणाची रजा मागून पाहिली होती. आस्थापना विभागाचे अधीक्षक साहेबराव यांनी फोनवर समजावलं होतं, की संपत आलेल्या आदेशावर बाळंतपणाची रजा देता येत नाही, नव्या आदेशावर बघू. माणूस तसा प्रेमळ. "शिकलेल्या माणसाला सवलतींचं एवढं काय, मॅडम," असं ते नेहमी म्हणायचे. ते स्वतः बारावी होते आणि त्यांना सगळ्या सवलती होत्या.

सोळा मेला पहाटेपासून कंबर धरली होती. अव्वा, माझी आई, म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतो, निजून राहा. पण आठ वाजले आणि माझे पाय आपसूक कुंपणाकडं वळले. घर हाकेवरच होतं. आज आपण कोणी नाही हे मला ठाऊक होतं. पण उन्हाला ठाऊक नव्हतं, ते कालच्यासारखंच पाणी प्यालं होतं. मी मापं ओतायला लागले. चौथ्या मापाला कळ आली. टोपल्याची कड धरून उभी राहिले, कळ ओसरली, पाचवं ओतलं. सहाव्यानंतर तय्यबचाचांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि चप्पल न घालताच रिक्षा आणायला पळाले. सातव्या मापाला पाणी सुईला टेकलं. सात मापं म्हणजे चौदा मिलिमीटर. मी आकडा लिहिला, सही केली, वेळ घातली, आणि मग रिक्षात बसून रडले.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझी लेक झाली. काळीभोर, कपाळावर आठी, आल्या आल्या कोणावर तरी रागावलेली. मी तिला म्हटलं, थांब गं, अजून तू काहीच पाहिलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या खाटेवरून रुजू अहवालावर सही केली. मन्मथ, म्हणजे माझा नवरा, लातूरला बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. त्यानं दुकान बंद ठेवून तो कागद नांदेडला विद्यापीठात पोचवला. सोबत रजेचा अर्ज आणि जन्माचा दाखला. त्या दिवसापासून विभागातला दुसरा नियुक्त संशोधक तात्पुरता वाचनाला येऊ लागला.

आठव्या दिवशी साहेबरावांचा फोन आला. अभिनंदन केलं, बाळाचं वजन विचारलं, आणि म्हणाले अडचण झाली. प्रसूती रजा प्रसूतीच्या दिवशी सेवेत असलेल्या महिलेलाच मिळते. सोळा मेला मी सेवेत नव्हते. "एक दिवस अलीकडं न्हाई तर एक दिवस पलीकडं झालं असतं, मॅडम, तर फाईल लोण्यासारखी सरकली असती." मी विचारलं, मग आता? आता काही नाही. पहिल्या जूनला कामावर हजर व्हायचं. नाही झालं तर आदेश रद्द, आणि यादीत पुढच्याला बोलवायचं.

फोन ठेवला आणि मी अव्वाकडं पाहिलं. ती शेगडीत ओवा टाकून लेकीला शेकत होती. पंधरा दिवसांचं लेकरू घेऊन बेचाळीस अंशांत टोपल्यापाशी उभं राहायचं, नाहीतर सहा वर्षं शिकून मिळालेलं ते टोपलंही जाऊ द्यायचं. मन्मथ म्हणाला, सोडून दे, दुकान आहे. तो मायेनंच म्हणाला. पण माझ्या नोकरीवर मायेनं बोलणारे तेव्हा फार झाले होते.

चार दिवसांनी दारात विद्यापीठाची जीप थांबली. साहेबराव उतरले, त्यांच्यामागून आमचे विभागप्रमुख भीमाशंकर सर, बगलेत माझी नोंदवही. मला वाटलं बाळ बघायला आले. अव्वालाही तसंच वाटलं. तिनं घरातल्या शेवटच्या घागरीतून चहाला पाणी काढलं.

बाळ पाहून झालं. साहेबरावांनी बोट पुढं केलं, लेकीनं ते मुठीत गच्च धरलं. त्यांनी ते हळूच सोडवून घेतलं. सोडवून घ्यायची त्यांना सवय होती.

मग सरांनी वही उघडली. समितीला अहवालाबरोबर वाचन करणाऱ्याच्या नियुक्तीच्या तारखा जोडायच्या होत्या. त्या जोडताना साहेबरावांच्या ध्यानात आलं, की सोळा मेला सही आहे, पण सही करणारी नियुक्तच नाही. समितीनं हे पकडलं तर दोन अर्थ निघत होते. एक तर विद्यापीठाच्या आवारात कोणीतरी परकी बाई घुसून पाणी मोजून गेली. नाहीतर बाई विद्यापीठाचीच, आणि खंडाच्या दिवशी कामावर होती. दुसरा अर्थ साहेबरावांना जास्त भीतीदायक वाटत होता. आमच्यासारखे अकरामाही आणखी तिसेक जण होते. एकीच्या एका दिवसाला टाका घातला, की बाकीचे आपापली उसवण घेऊन दारात उभे राहणार, आणि मग सलग सेवा, निधी, रजा, सगळंच शिवून द्यावं लागणार.

त्यांनी उपाय आणला होता. माझी सही खोडायची, 'नजरचुकीने' असं लिहायचं आणि शेजारी तय्यबचाचांची सही घ्यायची. आकडा तोच राहील. चाचांना त्यांनी येतानाच जीपमध्ये घालून आणलं होतं. ते दाराशी उकिडवे बसून होते.

"तय्यब, त्या दिवशी पाणी तूच मोजलंस ना?" साहेबरावांनी विचारलं.

"मैं तो रिक्षा आणाया गेलतो साहेब, मॅडमसाठी," चाचा म्हणाले. "चप्पल भी तिथंच राह्यली. इचारा त्या रिक्षावाल्याला."

"अरे पण समज, तू मोजलंस."

"समजतो ना. पण मला मोजाया बंदी हाय. तुमच्याच कागदात हाय."

साहेबरावांनी चष्मा पुसला. सर माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज खाली आला होता. हा अहवाल म्हणजे त्यांची तीन वर्षं होती, आणि ते मला शिकवणारे होते. "महानंदा, एका ओळीचा प्रश्न आहे गं. आपलाच जिल्हा."

मला सरांची दया आली. एका ओळीचाच प्रश्न होता हे खरं. पण ती एक ओळ सोडली तर त्या दिवसाचा माझ्याकडं दुसरा कुठलाच पुरावा नव्हता. आकडा हवा होता, आकडा घेणारी नको होती. लेक मांडीवर कुरकुरत होती. मी तिला पदराखाली घेतलं आणि म्हटलं,

"सर, खोडते मी. पण दुसऱ्याचं नाव नाही लिहिणार. मी नव्हते तर कोणीच नव्हतं. ओळ रिकामी राहू द्या."

"रिकामी? अगं, सलग लागतं त्यांना."

"हाव. मलाही सलगच लागतं."

साहेबरावांचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. अव्वा इतका वेळ दाराआड होती, ती बाहेर आली. "साहेब," ती म्हणाली, "आम्हा लिंगायतांत लेकरू पोटात असतानाच, आठव्या महिन्याला, स्वामी येऊन त्याच्या नावानं लिंग बांधून जात्यात. तोंड बघायच्या आधीपासनं ते आमचं. अन् तुमच्याकडं ही दोन वर्षं तुमचं टोपलं भरून राहिली, तरी तुमची न्हाई. चहा घ्या, निवून राहिला. पाणी लई लांबून येतंय."

साहेबरावांनी चहा एका घोटात संपवला. मी पेन हातात घेतलं, सोळा मेच्या ओळीवर टेकवलं आणि सरांकडं पाहिलं. खरं सांगायचं तर सर 'खोड' म्हणाले असते तर मी खोडलं असतं, आणि अहवालाबरोबर माझंही संपलं असतं. सरांनी वही माझ्या हाताखालून ओढून घेतली, मिटली आणि बगलेत घातली. साहेबरावांना म्हणाले, "चला. वर बोलू."

पाच दिवसांनी पत्र आलं. मी ते लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण ते तिच्याच जन्मदिवसाबद्दल होतं. 'डॉ. महानंदा बिरादार या दि. १६ मे रोजी विद्यापीठाच्या कामावर उपस्थित होत्या, असे केवळ बाष्पपात्राच्या नोंदीपुरते मानण्यास हरकत नाही. सबब त्यांची प्रसूती रजा विशेष बाब म्हणून मंजूर करण्यात येत आहे. हे प्रकरण पूर्वोदाहरण समजू नये.' म्हणजे त्या दिवशी मी टोपल्यापुरती नोकरीत होते. टोपल्यापुरती का होईना, लेक आईच्या रजेत वाढली. सहा महिने मी तिला पोटभर पाजलं, तिची आठी गेली, दोन दात आले. पुढं पाऊसही बरा झाला. अहवाल समितीकडं गेला. जिल्हा झाला नाही. तो आजही होणारच आहे.

विद्यापीठ मात्र धडा शिकलं. पुढच्या एप्रिलात, माझे तिसरे अकरा महिने भरायच्या आठवडाभर आधी परिपत्रक निघालं. एका दिवसाचा तांत्रिक खंड अपुरा ठरत असल्याचं निदर्शनास आलं होतं. यापुढं खंड तीन दिवसांचा. आणि खंडकाळात अनधिकृत वाचन होऊ नये म्हणून सर्व उपकेंद्रांतील बाष्पपात्रे रिकामी करून पालथी ठेवावीत. खाली सही साहेबरावांची. फोन करून त्यांनी बाळाची चौकशीही केली.

खंडाच्या पहिल्या दिवशी साडेआठला माझे पाय पुन्हा कुंपणाकडं गेले. कडेवर अकरा महिन्यांची लेक. टोपलं पालथं पडलं होतं. तय्यबचाचा त्याच्या सावलीच्या बाजूला बसून तंबाखू मळत होते. मला पाहून उठले, लेकीला घेतलं आणि टोपल्याच्या पाठीवर बसवलं. पत्रा अजून तापायचा होता. तिला तो ढोल वाटला, तिनं दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली.

"आज कुछ नै वाळणार, मॅडम," चाचा म्हणाले. "कागद आलाय."

एवढ्यात तिनं दुपटं ओलं केलं. मी ते काढून माठातल्या तांब्याभर पाण्यात खळबळलं, पिळलं आणि तिच्या शेजारी पालथ्या पत्र्यावर पसरलं. नवा आदेश येईल का, कधी येईल, हे मी ऊन चढेपर्यंत चाचांना सांगत होते. बोलणं संपवून दुपटं उचललं तर ते पापडासारखं कडक झालं होतं.